टिंबांच्या जागी

बीडकडे फिल्म काढायची असेल तर आधी विहीर बघतात, मग कथा. कथा कुणीही देतं. विहीर ज्याची असते तो मात्र बदल्यात रोल मागतो.

सत्यमच्या फिल्मला विहीर मिळाली ती पालीच्या शिवारात, धरणाच्या अलीकडे. विहीर रामेश्वरअण्णांची. दगडी बांधकाम, आत उतरायला पायऱ्या, कडेला वाकलेलं उंबराचं झाड. अण्णांनी विहीर दिली, ट्रॅक्टर दिला, युनिटला तीन दिवस पिठलं-भाकरी-ठेचा दिला आणि पाटलाचा रोल घेतला. ऑडिशन वगैरे झाली नाही. अण्णांनी फक्त विचारलं, "मिशा माझ्याच चालत्यान का चिकटवायच्या?"

सत्यम हा बसस्टँडमागच्या एका कोचिंग क्लासच्या मालकाचा मुलगा. पुण्यात चार वर्षं राहून इंजिनिअरिंगची डिग्री सोडून बाकी बरंच काही घेऊन आलेला. फिल्म अस्पृश्यतेवर होती. सत्तर सालातलं गाव, एक विहीर, एक बाई, एक पाटील. लांबी चाळीस मिनिटं. डिसेंबर असल्यामुळे पालीतली निम्मी माणसं ऊसतोडीला कारखान्यांवर गेली होती. म्हणून गावकरी म्हणून क्लासचीच पोरं धोतरं नेसून उभी केली होती. त्यातल्या एकाच्या कानातला इअरफोन दुसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आला, तोवर तो अकरा शॉटमध्ये जाऊन बसला होता.

बाईचं काम अंजली वडमारे करत होती. वय अडतीस, जिल्हा परिषदेत नोकरी, कॉलेजपासून नाटकाचा नाद. पाली तिच्या आजोबांचं गाव. वडील नोकरीला लागले तसं घर बीडला आलं, पण आजोबा शेवटपर्यंत पालीतच राहिले. त्यामुळे तिला वाटलं, या विहिरीवर हे काम आपणच करावं.

आणि संवाद बद्रीनाथ सरांचे. सर बावीस वर्षं मराठी शिकवतात. त्यांच्या स्क्रिप्टच्या अकराव्या पानावर असं होतं :

पाटील (चिडून) : ए ......! निघ इथून!

सहा टिंबं. आपल्याकडे शिकलेला माणूस तो शब्द कधी लिहीत नाही. तो टिंबं देतो, आणि वाचणारा आपापल्या घरून भरून घेतो. सरांचंही तेच म्हणणं होतं. "नटाने ती जागा आतून भरायची असते," ते सत्यमला म्हणाले. सत्यमला ते वाक्य इतकं आवडलं की त्याने ते इन्स्टाग्रामवर टाकलं.

(तो शब्द या गोष्टीतही लिहिलेला नाही. त्याचं कारण सोवळेपणा नव्हे. गोष्टीतल्या माणसांनी तो इतक्यांदा उच्चारला आहे की अजून एकदा छापायची गरज उरलेली नाही.)

तालमीत अण्णा "ए बाई" म्हणायचे. बाई म्हणताना ते इतके सौजन्याने म्हणायचे की सत्यम डोकं धरून बसायचा. "अण्णा, राग! राग आणा! तुमच्या आत बघा!"

अण्णांनी तिसऱ्या दिवशी आत बघितलं.

कॅमेरा सुरू झाला. अंजलीने कळशी विहिरीच्या काठावर टेकवली. अण्णा पायऱ्यांवरून वर आले, थांबले, तिच्याकडे बघितलं आणि आवाज न चढवता, रोजच्यासारखं म्हणाले,

"ए, ज्ञान्या अमक्याची नात ना तू? निघ इथून."

'अमक्या'च्या जागी तो शब्द होता. टिंबं भरली गेली होती. आणि ज्ञान्या स्क्रिप्टमध्ये कुठेच नव्हता. ज्ञानोबा वडमारे हे अंजलीच्या आजोबांचं नाव.

अंजलीचा चेहरा जो काय व्हायचा तो झाला. कॅमेरा त्याच्यावर बारा सेकंद राहिला.

"कट!" सत्यम ओरडला. "वा! ताई, हाच! हाच चेहरा मी तीन दिवस मागत होतो!"

युनिटने टाळ्या वाजवल्या. क्लासच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. सरांनी मॉनिटरमागून मान हलवली, म्हणजे त्यांना ते साहित्य वाटलं.

अंजली कळशी तिथेच ठेवून अण्णांपाशी गेली.

"अण्णा, माझ्या आज्याचं नाव का घेतलं?"

"आगं तुला न्हाई म्हणलो," अण्णा मिशांवरून हात फिरवत म्हणाले. "कॅरेक्टरला म्हणलो."

"कॅरेक्टरचं नाव कौशल्या आहे. तिच्या आज्याचं नाव ज्ञानोबा कुठाय?"

"आता राग आण म्हणले म्हणून आणला. तोंडात आलं ते बोललो. आन आमच्याकडं तुझ्या आज्याला समदे तसंच म्हणायचे. प्रेमानं. कावून एवढं मनाला लावून घिऊलालीस?"

प्रेमाची ही हकिकत अशी. छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर ज्ञानोबा वडमाऱ्यांनी एक ठरवलं. आपल्याला ज्ञानोबा म्हणून हाक मारली तरच ओ द्यायची. बाकी कशालाही नाही. रेशनच्या दुकानात नाव पुकारलं जायचं ते शब्दासकट. ज्ञानोबा रांगेत उभे असायचे, हलायचे नाहीत. दुकानदार तीनदा पुकारायचा, मग पुढचं नाव. ज्ञानोबा रिकामी पिशवी घेऊन घरी यायचे. असं वर्षानुवर्षं. सिंधुबाई, म्हणजे अंजलीची आई, सून होऊन आल्या तेव्हा पहिल्या महिन्यात घरात तीन वेळा साखर नव्हती. चौथ्या वेळी दुकानदाराने रजिस्टरमध्ये ज्ञानोबा असं लिहिलं. त्याचा धंदा अडत होता म्हणून नव्हे. त्याला कंटाळा आला म्हणून.

तर हे ज्ञानोबा. ते वारले त्याला अठरा वर्षं झाली, आणि आता ते शब्दासकट चाळीस मिनिटांच्या फिल्ममध्ये शिरले होते.

"हा टेक काढून टाका," अंजली सत्यमला म्हणाली.

"ताई, तुम्ही आत्ता भावनेच्या भरात आहात," सत्यम म्हणाला. "आपण शांतपणे चर्चा करू."

चर्चा रविवारी सकाळी अकरा वाजता बद्रीनाथ सरांच्या घरी झाली. सत्यम, सर, रामेश्वरअण्णा, एडिटिंग करणारी करिष्मा आणि अंजली. सरांच्या मिसेसनी पोहे केले होते. विषय होता, सिनेमात तो शब्द यावा की न यावा.

सर सुरुवातीलाच म्हणाले, की शब्द टाळणं म्हणजे वास्तव टाळणं. आणि उदाहरण म्हणून त्यांनी तो शब्द उच्चारला. मग सत्यमने उच्चारला, सरांचं म्हणणं नीट समजलं आहे हे दाखवायला. मग सरांनी त्या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली, त्यात तो चार वेळा आला. अण्णा म्हणाले की आमच्या आज्याच्या काळात तर सरळच म्हणायचे, आणि कसं म्हणायचे ते करून दाखवलं. पोहे संपेपर्यंत अकरा वेळा झाला. प्रत्येक वेळी म्हणणाऱ्याची नजर अंजलीवरून निसटून पंख्याकडे जायची. करिष्माने एकदाही उच्चारला नाही. ती फोनवर काहीतरी बघत होती.

"मी काय म्हणतो," सत्यम म्हणाला, "मधला मार्ग. शब्द ठेवू, तुमच्या आजोबांचं नाव म्यूट करू."

"म्हणजे शिवी राहील आणि माणूस जाईल," अंजली म्हणाली.

"मग नाव ठेवून शब्दावर बीप मारू."

"म्हणजे माणूस राहील आणि त्याला शिवी दिली ते जाईल."

"आता दोन्हीला नाही म्हणलं तर काय करायचं बे माणसानं," अण्णा सत्यमला म्हणाले. "आन एक आधीच सांगून ठेवतो, माझा तो शॉट काढला तर क्लायमॅक्सला इहीर मिळायची न्हाई."

सत्यमचा चेहरा पडला. क्लायमॅक्समध्ये बाई विहिरीत उतरते. दुसरी विहीर म्हणजे दुसरा मालक, आणि दुसरा मालक म्हणजे दुसरा पाटील.

अंजलीने पोह्यांची बशी बाजूला केली. पिशवीतून स्क्रिप्टचं अकरावं पान काढलं आणि सरांपुढे ठेवलं. वर पेन ठेवलं.

"सर, माझं शब्दाबद्दल काहीच म्हणणं नाही. फिल्ममध्ये तो यायला पाहिजे. आजपर्यंत आमच्या घराने तो ऐकून घेतला, बाकीच्यांनी पण थेटरात बसून ऐकावा. फक्त तो तुम्ही लिहा. या सहा टिंबांच्या जागी. तुमच्या हाताने. मग अण्णा तो तुमचा म्हणून बोलतील, पाटील म्हणून, कौशल्याला. मी कितीही टेक देते. आणि तो जुना टेक माझ्यासमोर डिलीट करा."

सरांनी पेनाकडे बघितलं.

"अंजली मॅडम, लेखक सूचित करतो. सगळं उघड..."

"आत्ता सहा वेळा उघड बोललात. मोजलंय मी."

"बोलणं वेगळं, मॅडम. छापील गोष्ट राहते."

"तेच म्हणते मी."

सर म्हणाले की त्यांच्या लेखणीचे काही संस्कार आहेत. अण्णांनी पान हातात घेतलं, टिंबांवर बोट ठेवलं आणि पहिल्यांदाच खरोखर काळजीने विचारलं, "सर, हितं लिवलं आन मी ते बगून बोललो, तर केस व्हती का?"

"अण्णा, लिहिलेलं असेल तर तो अभिनय होतो," सर म्हणाले.

"मग लिवा की तुमी!"

"मी लिहिलं तर मग माझ्यावर..." सर म्हणाले, आणि थांबले.

सत्यम हुशार. त्याने विषय गुंडाळला. "ताई, तुमचा आदर आहे. तो टेक मी वापरणार नाही. शब्द देतो."

शुक्रवारी टीझर आला. एक्केचाळीस सेकंदांचा. त्यातले बारा सेकंद अंजलीचा चेहरा होता आणि त्याआधी अण्णांचा आवाज : "ए, ज्ञान्या बीप-ची नात ना तू?" बीप चांगला स्वच्छ मारला होता. खाली लिहिलं होतं, 'काही शब्द ऐकवत नाहीत.'

अंजलीने सत्यमला फोन केला.

"ताई, संपूर्ण टेक कुठे वापरलाय? टीझर आहे. आणि शब्द तर काढलाच की!"

शनिवारी संध्याकाळपर्यंत नऊ हजार लोकांनी बघितला. 'अण्णा नंबर एक', 'पाटील जबरदस्त', 'याला म्हणतात ॲक्टिंग'. अंजलीच्या चेहऱ्याबद्दल कुणीतरी लिहिलं होतं, 'हीरोइन थोडी ओव्हर वाटली'.

रविवारी सिंधुबाई पालीला एका लग्नाला गेल्या होत्या. येताना एसटीत मागच्या सीटवर दोन पोरं बसली होती. त्यांनी सिंधुबाईंना ओळखलं. एक म्हणाला, "ज्ञान्या," आणि दुसऱ्याने तोंडाने बीप केला. मग पहिल्याने बीप केला. बीड येईपर्यंत ते बीप-बीप करत राहिले. कंडक्टर हसला. त्यात आक्षेप घ्यावा असा शब्दच नव्हता.

सिंधुबाईंनी घरी येऊन पायातली चप्पल न काढता अंजलीला सांगितलं.

"तुज्या आज्याचा पार भोंगा करून टाकला त्येंनी," त्या म्हणाल्या. "शिवी तरी शिवी व्हती. माणसाला कळायचं तरी. हे काय काढलंय? आता कुटं जाऊन भांडावं, सांग? बीपला?"

अंजलीने त्याच संध्याकाळी फिल्मच्या ग्रुपवर एक ओळ टाकली : उद्या मी पोलीस ठाण्यात तक्रार देणार आहे. सात मिनिटांनी सरांचा हात जोडलेला इमोजी.

सोमवारी सकाळी मायलेकी ठाण्यात गेल्या. हवालदार सभ्य होता. त्याने खुर्च्या दिल्या. आधी जातीचा दाखला मागितला. अपमान झालेला माणूस अपमान होण्यास पात्र आहे, हे सरकारी शिक्क्याने सिद्ध झाल्याखेरीज अपमान पुढे सरकत नाही. दाखला अंजलीने आणला होता. मग त्याने टीझर बघितला, दोनदा.

"मॅडम, ह्याच्यात तर शब्द नाहीये."

"बीपच्या खाली आहे."

"बीपच्या खाली काय आहे हे मी कसं लिहू? ओरिजनल कुणाकडं हाय?"

ओरिजनल सत्यमकडे. फोन स्पीकरवर लावला.

"सर, ते फुटेज मी डिलीट केलं," सत्यम म्हणाला. आवाज अगदी निर्मळ होता. "काल रात्री. ताईंनीच सांगितलं होतं. त्यांच्या भावनांचा आदर करायचा म्हणून. ताई, तुम्हीच म्हणालात ना, डिलीट करा?"

हवालदाराने अंजलीकडे बघितलं. "तुमी म्हणालात?"

"म्हणाले होते," अंजली म्हणाली. "आठ दिवसांपूर्वी."

सरांना फोन झाला. सर म्हणाले, त्या क्षणी ते चहाकडे होते, पण स्क्रिप्टमध्ये असा कोणताही शब्द नाही, प्रत पाठवतो. प्रत आलीसुद्धा, व्हॉट्सॲपवर, पान अकरा. करिष्माचा फोन लागला नाही. क्लासच्या पोरांच्या परीक्षा होत्या. रामेश्वरअण्णा फोनवर म्हणाले की ते कपिलधारला दर्शनाला आलेत, मागून बोलतो, आणि काय असंल ते फिल्मवाल्यांना इचारा.

"मग राहिलं काय," हवालदार म्हणाला, "तुमचा जबाब. नेमके शब्द सांगावे लागतील, मॅडम. जसेच्या तसे. 'जातिवाचक शिवीगाळ केली' असं मोघम चालत नाही. कोर्टात टिकत नाही."

अंजलीने अडतीस वर्षांत तो शब्द कधीच उच्चारला नव्हता. घरात कुणीही उच्चारत नसे. नाटकात नाही, चर्चेत नाही, रागात नाही, विनोदात तर नाहीच. सरांच्या घरी अकरा वेळा ऐकूनही तिने बारावा केला नव्हता. आता तो वाक्यात वापरून दाखवायची पाळी तिच्यावर आली होती, आणि ज्यांनी वापरला त्यांची एकेकाची तोंडं धुतलेली होती.

सिंधुबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "नको म्हणू. कागदावर लिवून दे."

"कागदावर सगळ्यांनीच टिंबं दिलीत, आई."

अंजलीने ते सगळं वाक्य म्हटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, नावासकट, अण्णांनी जसं म्हटलं होतं तसंच, आवाज न चढवता. शब्दापाशी ती थांबली नाही आणि घाईही केली नाही. टायपिंग करणारी बोटं मात्र थांबली.

"मॅडम, जरा हळू," हवालदार म्हणाला. "बाहेर लोक बसलेत."

"ते बोलले तेव्हाही लोक होते. पंचवीस जण. कलमाला तसंच लागतं ना, लोकांदेखत?"

हवालदाराने मान खाली घातली आणि टाइप केलं. मग म्हणाला, "वाचून दाखवतो." आणि वाचताना त्या जागी आला तेव्हा 'हा असा शब्द' म्हणून पुढे जायला लागला.

"नाही," अंजली म्हणाली. "काय टाइप केलंय ते वाचा. मी बोलले, तुम्ही वाचू शकता."

त्याने वाचलं. कान लाल झाले त्याचे. शेजारच्या टेबलावरचा जमादार उठून पाणी प्यायला गेला.

प्रिंट निघाली. अंजली सही करणार, तेवढ्यात सिंधुबाईंनी कागद ओढून घेतला. चष्मा लावला. त्या सावकाश वाचतात, ओठ हलवत. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेल्या, पण एकदा वाचलं की एक काना सुटत नाही. त्या वाक्यावर आल्या, तिथे अडखळल्या नाहीत. पुढे गेल्या. आणि खालच्या ओळीवर बोट ठेवून थांबल्या.

"साहेब, हे काय लिवलंय?"

"कुठं?"

"मामंजींच्या नावाम्होरं."

हवालदाराने वाकून बघितलं. 'माझे आजोबा कै. ज्ञानोबा वडमारे यांचे नाव घेऊन...'

"कैलासवासी. वारलेले ना ते? आदरानं लिहिलंय, मावशी."

"कैलासात न्हाई गेले ते," सिंधुबाई म्हणाल्या. "आमी बौद्ध हाव. कालकथित लिवा."

"एकच की हो अर्थ."

"एक न्हाई."

"मावशी, आता प्रिंट निघाली. तेवढ्यासाठी परत..."

"तेवढ्यासाठीच आलोत आमी," सिंधुबाई म्हणाल्या आणि कागद त्याच्या टेबलावर परत ठेवला. "मानसानं जलमभर एक नाव मागितलं. आन तुमी त्येला मेल्यावर बी आपल्याच मनानं कुटंतरी धाडायलेत."

हवालदाराने अंजलीकडे बघितलं, ती आईला आवरेल अशा आशेने. अंजलीने पेनाचं टोपण परत लावलं आणि खुर्चीत मागे टेकून बसली.

त्याने की-बोर्ड पुढे ओढला. "कालकथित," तो पुटपुटला. "का-ला-क...?"

"का, ल, क, थि, त," सिंधुबाई म्हणाल्या. "बसते मी. सावकाश लिवा."